नर्सरीत हिरवंगार, घरी आणलं की पिवळं: मराठवाड्यात शोभेची झाडं का टिकत नाहीत?

जूनमधला पहिला बरा पाऊस झाला की आपल्याकडं दोन गोष्टी सोबतच सुरू होतात, शेतात पेरणी आणि गावात झाडं विकणारे टेम्पो. कॉलनीच्या कोपऱ्यावर टेम्पो लागतो, त्यात लालभडक एक्झोरा, पांढरा अनंत, कळ्यांनी लगडलेला गुलाब, आणि हल्ली लोक इन्स्टावर बघून मागतात म्हणून हायड्रेंजिया अन् लॅव्हेंडरसुद्धा. "घ्या काकू, बारमाही फुलं येतेत, काहीच करायचं नाई, नुसतं पाणी घाला." काकू घेतात, पाणी घालतात. गणपतीपर्यंत झाड झकास असतं. दिवाळीपर्यंत नवी पालवी पिवळी पडायला लागते. अक्षय तृतीयेला कुंडीत नुसती काडी उरते, आणि मग त्या कुंडीत कोथिंबीर.

मग घरात ठरलेलं वाक्य, "आपल्या हाताला झाडच लागत नाई." हाताचा काही संबंध नाही हो. झाड आपण घेतो जुलैत, टवटवीत फुलं बघून, आणि त्याला काढायचा असतो मे महिना, तोही चुनखडीच्या मातीत, बोअरच्या पाण्यावर, ४२-४३ डिग्रीत. जे झाड हे तीन पेपर पास होणार नाही ते कितीही देखणं असलं तरी इथं पाहुणंच. हे तीन पेपर नेमके काय आहेत ते एकेक करून बघू, म्हणजे पुढच्या वेळी टेम्पोसमोर उभं राहिल्यावर काय घ्यायचं अन् काय नुसतं बघून सोडून द्यायचं ते कळेल.

आधी तीन नावं, एकदाच

हंगामी म्हणजे झेंडू, तेरडा वगैरे, एका मोसमात फुलून संपणारी. झुडूप म्हणजे लाकडी खोडाचं, बुडातूनच चार-पाच फांद्या फुटणारं, छाटून कमरेएवढं किंवा डोक्याएवढं ठेवता येणारं: कण्हेर, जास्वंद, तगर, मोगरा. आणि बहुवर्षायू म्हणजे ज्याचं वरचं खोड मऊ असतं, ते वाळून गेलं तरी जमिनीखालचा गड्डा किंवा कंद जिवंत राहतो आणि पुढच्या मोसमात परत फुटतो: गुलबक्षी, पावसाळी लिली, कळलावी, ती लाल गोळ्यासारखी फुलणारी फुटबॉल लिली.

या तिसऱ्या प्रकारात लोक लई फसतात. कारण बागकामाचे निम्मे व्हिडिओ थंड देशातले असतात नाहीतर त्यांची कॉपी असते, आणि तिकडं झाडं झोपतात हिवाळ्यात, बर्फाखाली, आणि मार्चमध्ये उठतात, म्हणून तिकडं "मार्चमध्ये लावा, मार्चमध्ये खत द्या" हे बरोबर आहे. आपल्याकडं मार्च म्हणजे पुढं तीन महिने भट्टी. आपल्या गुलबक्षीचं वरचं खोड ऊन तापायला लागलं की वाळतं, आणि घरातलं कुणीतरी साफसफाईच्या नादात "मेली ही" म्हणून उपटून फेकतं, खाली चांगला मुठीएवढा गड्डा असतो तो तसाच कचऱ्याच्या गाडीत. ती मेलेली नसते. वरचं वाळकं खोड कापा आणि गड्डा तिथंच राहू द्या, पहिल्या पावसात कोंब दिसतो. कळलावी, फुटबॉल लिली पावसाळा सरला की खाली जातात, फुटबॉल लिली तर पाऊस यायच्या आधीच, ऐन मे महिन्यात, पान नसताना फूल वर काढते, आणि म्हणूनच तिला मे फ्लॉवर म्हणतात. ज्या जागी असा कंद आहे तिथं एक काडी रोवून ठेवा, नाहीतर खुरप्यानं तुम्हीच कापाल.

याच्या उलट ज्या झाडांना खरीखुरी थंडी लागते, पिओनी, लॅव्हेंडर, हायड्रेंजिया, त्यांचा विचार सोडून द्या. हायड्रेंजिया महाबळेश्वरला छान दिसतो म्हणून परभणीत छान दिसणार नाही. परभणीतही थंडीत पारा कधीकधी एक आकडी होतो, मान्य, पण ते चार-आठ दिवस, नंतरचा उन्हाळा त्याला कोण चुकवणार.

पहिला पेपर: माती काळी आहे, कसदार आहे, मग झाड उपाशी कसं?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. ज्या जमिनीत कापूस, तूर, ज्वारी येते तिथं एक एक्झोरा जगू नये?

आपली काळी माती बसाल्टपासून, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणापासून झालेली. त्यात लोह भरपूर. पण सोबत चुनखडीही आहे, शेतात नांगरताना पांढरे खडे वर येतात ना, तेच. या चुन्यामुळं मातीचा सामू चढलेला असतो. सामू म्हणजे माती आंबट की चुनखट हे सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधोमध, खाली आंबट, वर चुनखट. आपल्या काळ्या मातीत तो बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठच्या घरात असतो. आता गंमत अशी की सामू एकनं वाढला की मातीच्या पाण्यात विरघळणारं लोह थोडंथोडकं कमी होत नाही, हजार पटीच्या हिशोबानं कमी होतं. घरात धान्याची कोठी भरलेली, पण किल्ली गावाला गेलेल्या माणसाच्या खिशात, तशातला प्रकार. लोह आहे, मुळाला मिळत नाही.

लोहाशिवाय पानात हिरवा रंग तयार होत नाही. आणि झाड जुन्या पानातलं लोह काढून नव्या पानाला देऊ शकत नाही, त्यामुळं पिवळं पडतं ते शेंड्याचं कोवळं पान. जवळून बघा, पान पिवळं, पण शिरा हिरव्या, जणू कुणी हिरव्या पेनानं जाळी काढली. हे चित्र दिसलं की समजायचं लोहाची अडचण. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर ते वेगळं, तिथं नत्र कमी आहे, शेणखत टाका. शेतकऱ्याला हे नवीन नाही, झडीच्या पावसात चुनखडीच्या रानातलं सोयाबीन पिवळं पडतं ते बऱ्याचदा हेच दुखणं असतं. आणि तिथंच दुसरी गोष्ट लक्षात घ्या, माती चिखलासारखी ओली राहिली की हा त्रास वाढतो. म्हणजे पान पिवळं दिसलं म्हणून आणखी पाणी घालणं हा उपाय नाही, ते आगीत तेल.

तुमच्या मातीत चुना किती आहे ते घरी बघता येतं. वाळलेली चमचाभर माती बशीत घ्या, वरून व्हिनेगर टाका आणि कान जवळ न्या. चुना जास्त असेल तर चर्रर्र करून फेस येतो. फेस आला तर एक्झोरा, अनंत, कॅमेलिया, ॲझालिया यांना जमिनीत जागा नाही. आकडाच पाहिजे असेल तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी माती परीक्षण करून घ्या. बागेसाठी कुणी माती परीक्षण करत नाही, पण पाचशेचं झाड तीनदा आणण्यापेक्षा ते परवडतं.

नवीन बांधकाम असेल तर कंपाउंडच्या भिंतीलगतची माती आणखी बेकार असते. तिथं मिस्त्रीनं सिमेंट कालवलेलं असतं, प्लॅस्टरचा चुरा, वाळू, विटांचे तुकडे सगळं तिथंच पुरलेलं असतं, आणि आपण नेमकी तिथंच फुलझाडांची रांग लावतो. पहिले फूट-दीड फूट उकरून ते बाहेर काढा, मग पुढचं बोला.

"मग गंधक टाकू, ताक टाकू, चहाचा चोथा टाकू"

टाका, पण हिशोब बघून टाका. दीड बाय दीड बाय दीड फुटाच्या खड्ड्यात साधारण सव्वाशे किलो माती बसते. त्यात ५ टक्के चुना धरला तर झाला सव्वासहा किलो चुना. एक किलो चुना मारायला ३२० ग्रॅम गंधक लागतो, म्हणजे एका खड्ड्याला दोन किलो. तेवढा टाकला तरी तो मातीतल्या जिवाणूंनी हळूहळू आम्लात बदलायला कितीतरी महिने लागतात, तोवर झाडाची मुळं खड्ड्याच्या बाहेर गेलेली, आणि बोअरचं पाणी रोज नवा चुना आणून टाकायलंय ते वेगळंच. ताकाचा एक पेला किंवा चहाचा चोथा तर या हिशोबात कुठंच बसत नाही. चोथा खत म्हणून ठीक आहे, त्यातनं माती आंबट होईल ही आशा सोडा.

जे झाड आधीच लावलंय आणि उपटवत नाही त्यासाठी दोन मार्ग आहेत. एक, हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम, त्यात १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-पंधरा दिवसांनी परत. हिराकस मातीत टाकून फायदा नाही, चुनखडीत ते लगेच गंजून बसतं. दोन, चिलेटेड लोह, म्हणजे ज्याला वेष्टण घातलंय असं लोह, पण पुडीवर नाव वाचा: ईडीटीए लिहिलेलं असेल तर ते आपल्या मातीत टिकत नाही, ईडीडीएचए पाहिजे, ते सामू ९ पर्यंत टिकतं. महाग आहे. आणि हे सगळं दरवर्षी करत बसावं लागतं, त्यामुळं माझं स्पष्ट मत, एक्झोऱ्याची हौसच असेल तर एक मोठी कुंडी घ्या, लाल माती आणि शेणखत भरा, आणि त्याला पाणी वेगळं द्या. कोणतं पाणी, ते पुढं येतंच.

लाल मातीचा गोळा

आपल्याकडं विकायला येणारी बरीच रोपं पुण्याकडनं किंवा आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून येतात, कडियम तर नर्सऱ्यांचंच गाव आहे. ती लाल मातीच्या गोळ्यात असतात. गोळा आकारानं घट्ट, वाहतुकीत फुटत नाही, वजनाला बरा. आपण काळ्या मातीत खड्डा करतो, प्लॅस्टिक फाडतो, गोळा तसाच ठेवतो आणि माती लोटतो. बाहेरून झाड लावून झालं.

आत काय होतं बघा. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, भेगा पडतात, मार्च-एप्रिलमध्ये त्या भेगेत आख्खा हात जातो. लाल गोळा असा फुगत-आक्रसत नाही. मग दोन्हीच्या मध्ये फट पडते, पाणी त्या फटीतनं खाली निघून जातं आणि गोळा आतनं कोरडा ठणठणीत. वरून माती ओली दिसते म्हणून आपण खुश. मेलेलं झाड उपटून बघा, कित्येकदा गोळा जसाच्या तसा हातात येतो, मुळं गोल गोल फिरून त्यातच अडकलेली.

त्यामुळं लावायच्या आधी गोळा तासभर पाण्याच्या बादलीत बुडवा, मऊ झाला की बाहेरची माती हातानं सैल करा, गोल फिरलेली मुळं दिसली तर दोन-तीन ठिकाणी ब्लेडनं उभी चीर द्या. भीती वाटते, पण द्या. आणि त्याआधी रोप आणल्या आणल्या थेट उन्हात नको, ते शेडनेटखाली वाढलेलं असतं, आठ-दहा दिवस अर्ध्या सावलीत ठेवा.

खड्डा एप्रिल-मेमध्येच करून उन्हात तापू द्यावा, दीड फूट पुरतो. भरताना निघालेली काळी माती अर्धी, बाकी बारीक मुरूम आणि कुजलेलं शेणखत. काही लोक खड्ड्यात नुसतं कोकोपीट आणि गांडूळखत भरतात, वाटतं मऊ माती, झाड खुश होईल. आजूबाजूला चिकण काळी माती असताना मधोमध असा भुसभुशीत खड्डा केला की पावसाळ्यात सगळ्या बाजूचं पाणी तिथंच येऊन तुंबतं आणि मुळं सडतात. धरणातला गाळ ट्रॉलीनं आणून बंगल्याच्या वाफ्यात टाकणारेही आहेत. शेतात हलक्या रानाला गाळ सोन्यासारखा, पण आधीच चिकण असलेल्या वाफ्यात आणखी चिकण कशाला? रोप लावताना गोळ्याचा वरचा भाग जमिनीपेक्षा दोन-तीन इंच उंच राहील असा उंचवटा करा. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, अंबाजोगाई, अहमदपूर, धाराशिवकडं जिथं खाली मुरूमच आहे तिथं निचऱ्याची एवढी काळजी नाही, गोदाकाठच्या खोल काळ्या जमिनीत मात्र हे केलंच पाहिजे.

आणि रोप लहान घ्या. पाच फुटी फुललेलं झाड रुबाबदार दिसतं, पण वर पसारा मोठा अन् खाली मूळ एवढंसं, पहिल्याच उन्हाळ्यात हिशोब चुकतो. हातभर उंचीचं, बुडातून तीन-चार फांद्या असलेलं, शेंड्याची पानं हिरवी असलेलं रोप निवडा. फुलं असोत नसोत.

दुसरा पेपर: पाणी किती यापेक्षा पाणी कसलं

बोअरच्या पाण्यात क्षार असतात हे बादलीच्या कडेला बसलेला पांढरा थर बघून सगळ्यांना माहीत आहे. कुंडीच्या बाहेरच्या अंगाला तोच थर दिसतो. हे पाणी झाडाला रोज घातलं की माती हळूहळू आणखी चुनखट होत जाते, पाऊस नसला तर धुऊन जायला मार्गच नाही. म्हणून कुंडीला महिन्यातून एकदा भरपूर पाणी सोडून खालच्या भोकातनं वाहू द्यायचं, थोडेफार क्षार निघून जातात.

आता घरातलं फुकटचं पाणी. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी लोक काटकसर म्हणून झाडांना घालतात, ते घालू नका, फिल्टरनं तुमच्या पिण्याच्या पाण्यातले क्षार काढून नेमके त्याच पाण्यात घातलेले असतात. फरशी पुसा त्यानं. कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणीही तसंच, पाणी उडून गेलं अन् क्षार मागं राहिले. मात्र एसीच्या नळीतनं टपकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात, एक्झोऱ्याची कुंडी त्या नळीखाली ठेवा. पावसाचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवलं तर उत्तमच.

"प्यायला पाणी नाई अन् तुम्ही फुलं काय सांगायलात?"

बरोबर आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते कुणी विसरलेलं नाही. पण म्हणूनच झुडपं लावा असं मी म्हणतोय. आकडे बघा. ५०० चौरस फुटांचं लॉन म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. उन्हाळ्यात लॉनला रोज ५ मिलिमीटर लागतं असं कमीतकमी धरलं तरी दिवसाला २३० लिटर, महिन्याला सात हजारांच्या जवळ, म्हणजे एक अख्खा टँकर नुसता गवताला. त्याच जागेत दहा मुरलेली झुडपं लावली आणि प्रत्येकाला आठवड्याला १० लिटर दिलं तर महिन्याला सव्वाचारशे-साडेचारशे लिटर. भांडी धुतलेलं कमी साबणाचं पाणीसुद्धा यात चालून जातं. लॉन ही मराठवाड्यात मंगल कार्यालयवाल्यांनी करायची गोष्ट आहे, तिथं भाड्यातनं टँकर निघतो.

पाणी द्यायची पद्धतही बदला. रोज तांब्याभर पाणी वरून शिंपडलं की वरची इंचभर माती ओली होते, मुळं वरच राहतात आणि एक दिवस चुकला की मान टाकतात. पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी एकदम ८-१० लिटर, सावकाश मुरू द्यायचं. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यानं. तिसऱ्या वर्षापासून कण्हेर, बोगनवेल यांना दहा-पंधरा दिवसांनी दिलं तरी धकतं. बुडात चार बोटं जाड आच्छादन पाहिजेच, सोयाबीनचं कुटार, उसाचं पाचट, जे मिळेल ते, फक्त खोडाला चिकटवू नका, वाळवी लागते.

तिसरा पेपर: मे महिना. यात पास कोण होतं?

यासाठी पुस्तक उघडायची गरज नाही. गावाबाहेरच्या हायवेच्या डिव्हायडरवर काय उभं आहे ते बघा, जुन्या सरकारी क्वार्टरच्या अंगणात, जिथं दहा वर्षांत कुणी पाणी घातलं नाही तिथं काय फुललंय ते बघा. कण्हेर, बोगनवेल, पिवळा टेकोमा, शंकासूर, तगर. ही यादी कुणी सुशोभीकरणाच्या मीटिंगमध्ये केलेली नसते, बाकीची मेली म्हणून ही उरली.

कण्हेरीचं पान हातात घेऊन बघा. वरून चामड्यासारखं, मेणचट. मागची बाजू भिंगाखाली धरली तर बारीक बारीक खळगे दिसतात, त्यात लव असते. पान ज्या छिद्रांतनं श्वास घेतं, आणि ज्यातनं पाणी उडून जातं, ती छिद्रं या खळग्यांत लपवलेली असतात, गरम वारा थेट लागत नाही. अनंताच्या पानाला ही सोय नाही.

बोगनवेलीबद्दल एक तक्रार कायम असते, "पाला लई येतो, फुलं नाईत." पाणी आणि शेणखत जास्त होतंय, किंवा ऊन कमी पडतंय. तिला पाच-सहा तास कडक ऊन पाहिजे आणि थोडा ताण पाहिजे. पावसाळा संपला की पाणी तोडा, पानं जरा लोळायला लागली की मग द्या, रंग चढतो. तो रंग फुलांचा नसतोच, आतलं इवलंसं पांढरं असतं ते फूल, बाहेरचे तीन गुलाबी कागद ही पानंच.

तगर आणि कुंती, म्हणजे कामिनी, अर्ध्या सावलीत बऱ्या. पारिजातक जागा देत असाल तर लावाच. सदाफुली कुठंही उगवते, तिला कमी लेखू नका, कॅन्सरवरची विन्क्रिस्टीन आणि विन्ब्लास्टीन ही औषधं तिच्यातनंच मिळाली. जास्वंदीत गावठी लाल घ्या, त्या ताटाएवढ्या फुलांच्या हायब्रीड जाती पिठ्या ढेकणाला आमंत्रण देतात आणि चुनखडीत लवकर पिवळ्या पडतात. मोगऱ्याला डिसेंबरमध्ये पाणी तोडून, पानं झडली की छाटणी, मग खत-पाणी, उन्हाळ्यात कळ्याच कळ्या. बाकी झुडपांची छाटणी पावसाच्या तोंडावर किंवा ऑक्टोबरमध्ये. एप्रिल-मेमध्ये कात्री हातात घेऊ नका, आतल्या फांद्यांना एकदम ऊन लागून त्या भाजतात.

"कण्हेर विषारी आहे ना?"

आहे. पान, फूल, खोड, सगळंच, हृदयावर परिणाम करणारं विष आहे. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तिच्या बिया तर जास्तच घातक, आणि पोरं त्या बियांशी खेळतात. कळलावीचा कंदही तसाच. घरात रांगतं लेकरू असेल, दावणीला शेळी असेल तर कण्हेर अंगणाच्या आत नको, कुंपणाबाहेर रस्त्याकडेला ठीक. छाटलेल्या फांद्या चुलीत घालू नका. पण हेही खरं की मोकाट गुरं तिला तोंड लावत नाहीत म्हणूनच ती कुंपणाला इतकी वर्षं टिकून आहे. ज्यांना नकोच त्यांनी टेकोमा, तगर, मेंदी, अडुळसा लावावा.

कुंपणाला कोनोकार्पस का नको

गेल्या काही वर्षांत शाळा, कंपन्या, लेआउट सगळीकडं एकच हिरवी भिंत दिसते, कोनोकार्पस. वाढते झपाट्यानं, छाटली की सरळ, कायम हिरवी. पण गुजरात सरकारनं २०२३ मध्ये तिच्या लागवडीवर बंदी घातली. कारणं दोन, परागकणांमुळं सर्दी-दमा-ॲलर्जीच्या तक्रारी, आणि पाण्याच्या शोधात ड्रेनेज, पाइपलाइन, केबलपर्यंत घुसणारी मुळं. जिथं पाइपातलं पाणीच आठवड्यातनं एकदा येतं तिथं पाइप फोडणारं झाड लावायचं म्हणजे कमाल आहे. आधीच लावली असेल तर उगाच घाबरून जाऊ नका, फुलावर येऊ न देता छाटत राहा आणि शेजारी मेंदी किंवा कामिनीची ओळ धरा, दोन-तीन वर्षांत ती वर आली की कोनोकार्पस काढून टाका.

"सगळी परदेशीच झाडं सांगितली, देशी काय?"

बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, सदाफुली मादागास्करची, बिट्टी मेक्सिकोकडची, हे खरं आहे. देशीत कोरांटी, निर्गुडी, अडुळसा, धायटी आहेत, आणि माझा जीव ज्याच्यावर आहे तो तरवड.

तरवड कुणाच्या बागेत दिसत नाही, कारण माळावर फुकट उगवतो. ज्या माळरानावर कुसळाशिवाय काही नाही, तिथं कमरेएवढं झुडूप, चिंचेसारखी पानं आणि फांदीच्या टोकाला सोनेरी पिवळ्या फुलांचे घोस. शेजारच्या तेलंगणानं त्याला राज्यफूल केलं, तंगेडू म्हणतात तिकडं, बतुकम्माच्या सणात त्याची फुलं मानानं रचतात. नांदेडच्या सीमेपलीकडं जे राज्यफूल आहे ते अलीकडं आपण जेसीबीनं सपाट करून तिथं लॉन टाकतो.

नर्सरीत सहसा मिळत नाही. कारण सोटमूळ लांब जातं, पिशवीत वाढवलं की वळतं, आणि माळावरचं मोठं झाड उपटून आणलं तर जगत नाही. त्याला बियाच पाहिजेत. उन्हाळ्याच्या तोंडाला चपट्या तपकिरी शेंगा वाळतात तेव्हा मूठभर तोडून ठेवा. बियांचं कवच टणक असतं, उकळी आलेलं पाणी खाली उतरवून जरा निवू द्या, मग त्यात बिया टाकून रात्रभर ठेवा, सकाळी ज्या फुगल्या त्या पेरायच्या, न फुगलेल्या पॉलिश पेपरवर घासून परत भिजवायच्या. पेरणी जिथं झाड पाहिजे तिथंच, जूनच्या पावसात, एका जागी तीन-चार बिया, अर्धा इंच खोल, खत नको, मुरूम चालतो. उगवल्यावर जोमदार एक ठेवा. पहिला उन्हाळा आठवड्यानं तांब्याभर पाणी दिलं तरी पुरतं.